नामाआधीची गर्दी

2020 आणि 2021 या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या लहानथोरांनी एक इंग्रजी शब्द इतक्या वेळा उच्चारला की पुढेपुढे तो कोणाला इंग्रजी वाटेनासाच झाला. आरटीपीसीआर. कर्नाटकच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडली की तो ऐकू यायचा, दवाखान्याच्या दारात यायचा, लग्नाला कोणाला बोलवायचे आणि कोणाला टाळायचे याच्या याद्या करताना यायचा. ‘मामांची आरटीपीसीआर आली का गं?’ असे फोनवर विचारणाऱ्या आजीने आठ शब्दांचे एक अवघड इंग्रजी नाव एका दमात उरकलेले असायचे, आणि तिला त्याचे काहीच वाटत नसे.

पूर्ण नाव असे: रिअल टाइम रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन पॉलिमरेज चेन रिअ‍ॅक्शन टेस्ट. यातली मालकीण एकच, शेवटची टेस्ट. आधीचे सात शब्द म्हणजे तिच्यापुढून चालणारे भालदार-चोपदार. ‘आरटी म्हणजे रिअल टाइम’ असे त्या काळात बरेच लोक छातीठोकपणे सांगत. ती अक्षरे खरे तर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनची. एकाच नावात दोन आरटी निघाले आणि आद्याक्षरांत जागा एकालाच मिळाली. हीच चाचणी मराठीत सांगायची तर विषाणूच्या आरएनएवरून उलट्या दिशेने डीएनए तयार करायचा, पॉलिमरेज नावाच्या विकराकरवी त्या डीएनएच्या प्रतींवर प्रती काढायच्या आणि त्या वाढत असतानाच मोजत राहायच्या. मराठीला क्रियापदे लागली. इंग्रजी नावात एकही नाही. कोण कोणाला काय करतो याचा थांगपत्ता लागू न देता आठ शब्द नुसते एकामागे एक उभे.

विद्वानांच्या इंग्रजीची ही जुनी सवय आहे. नामाच्या आधी विशेषण लावावे हे इंग्रजीला आणि मराठीलाही मान्य. पण विशेषणे संपली की हे लोक नामालाच नामाच्या आधी उभे करतात, मग त्याच्याही आधी आणखी एक. दोन शब्द काढले तर वाक्य कोसळेल की उभे राहील, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. कधीकधी मात्र एखादा शब्द काढून टाकणे फार उपयोगी पडते. एमआरआयच्या नावात सुरुवातीला ‘न्यूक्लिअर’ होते. यंत्रात तेव्हाही अणुबॉम्ब नव्हता, पण ते नाव ऐकून पेशंट स्ट्रेचरवरून उतरून घरी जायला लागले तर काय घ्या, म्हणून ते गाळले. यंत्र तेच, चुंबक तेच, एक विशेषण कमी झाले आणि माणसे निमूटपणे आत जाऊन पडू लागली.

मी साताऱ्याकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर माणसाकडे कोणी फिरकत नाही असे म्हणतात. इंग्रजीच्या मास्तरचे उलटे आहे. कॉमर्स, झूऑलॉजी, भूगोल, गृहविज्ञान, सगळे विभाग बगलेत फायली मारून घरी येतात. ‘सर, पेपर पाठवायचाय. फार काही नाही, फक्त ग्रामर बघा.’ यातल्या ‘फक्त’ या शब्दाची किंमत आत गेल्यावर कळते. स्पेलिंग बरोबर असते, कारण ते कॉम्प्युटरने बघितलेले असते. क्रियापदाचा कर्त्याशी तंटा नसतो, कारण क्रियापदच सापडत नाही. पानभर नामे असतात आणि शेवटी एक ‘इज’.

पूर्वी आपल्याकडच्या प्रबंधांची तऱ्हा वेगळी होती. तिथे गर्दी नामाच्या पुढे नव्हे, पाठीमागे. ‘अ क्रिटिकल स्टडी ऑफ’ असे म्हणून गाडी सुटली की ‘ऑफ’, ‘इन’, ‘ऑन’, ‘विथ रिस्पेक्ट टू’ अशी सगळी स्टेशने घेत ती ‘विथ स्पेशल रेफरन्स टू सातारा डिस्ट्रिक्ट’ला येऊन थांबायची. हा विशेष संदर्भ नेहमी त्याच जिल्ह्याचा असायचा जिथे संशोधकाची नोकरी, सासर किंवा एसटीचा पास असे. आपण त्या शीर्षकांना पुष्कळ हसलो, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: कशाचा अभ्यास, कुठे, कशावर, हे त्यातून अडाण्यालाही कळत होते. ‘ऑफ’ आणि ‘इन’ दिसायला दरिद्री शब्द, पण काम करणारे.

मग 2010 च्या सुमारास यूजीसीची एपीआय नावाची गुणमोजणी आली, आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून यायला पाहिजे असे ठरले, आणि त्या नियतकालिकांत शीर्षके कशी असतात ते आमच्या मित्रांनी पाहिले. तिकडे ‘ऑफ’ नाही, ‘इन’ नाही. सगळे नामाच्या आधी रचलेले. झाले. एका उन्हाळ्यात कॉमर्सचे एक सर आपले नवे शीर्षक घेऊन आले: ‘सातारा डिस्ट्रिक्ट रूरल विमेन सेल्फ हेल्प ग्रुप मायक्रोफायनान्स अ‍ॅक्सेस इम्पॅक्ट असेसमेंट’.

‘एकही ऑफ ठेवला नाही सर,’ ते म्हणाले. चेहऱ्यावर घर झाडून काढल्याचे समाधान होते.

मी त्यांना पाणी दिले आणि विचारले, ‘यातला ‘रूरल’ कोणाचा? बायकांचा, का बचत गटाचा?’

‘दोघांचा.’

‘बायका गावच्या आणि गट तालुक्याच्या ठिकाणी, असा एकही नाही?’

‘आहेत की तसले. पुष्कळ आहेत.’

‘मग ते धरलेत?’

सरांनी वही काढली आणि काहीतरी लिहून घेतले. मी पुढे सरकलो. ‘अ‍ॅक्सेस कोणाला कशाचा? बायकांना कर्जाचा, का बँकेला बायकांचा?’ हा प्रश्न त्यांना चावट वाटला असावा, पण चहा यायचा होता म्हणून ते बसून राहिले. ‘बरं, इम्पॅक्ट. परिणाम झाला. कशावर झाला?’

बराच वेळ शांतता. मग सर म्हणाले, ‘ते अजून ठरायचंय.’

म्हणजे अकरा शब्दांचे शीर्षक तयार, दोनशे प्रश्नावल्या भरून घेतलेल्या, पैकी काही नवऱ्यांनीच भरलेल्या, आणि परिणाम कशावर मोजायचा हा मुद्दा तेवढा बाकी. उत्पन्नावर? मुलींच्या शाळेवर? सावकाराकडच्या जाण्यायेण्यावर? मराठीत बोलताना हे भोक झाकता आलेच नसते. ‘बचत गटांना छोटी कर्जे मिळू लागल्यामुळे’ एवढे म्हटले की पुढे ‘काय फरक पडला’ येतेच आणि ऐकणारा ‘कशात?’ म्हणून अडवतोच. इंग्रजी नामांच्या या रचनेत मात्र ‘इम्पॅक्ट असेसमेंट’ म्हणून पुढे जाता येते. माझे वैयक्तिक मत असे झाले आहे की शंभरातल्या पुष्कळ शीर्षकांत नामे पांडित्यासाठी एकत्र आलेली नसतात. न ठरलेल्या गोष्टी झाकायला आलेली असतात.

मी त्यांना साधे शीर्षक करून दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि पडेल आवाजात म्हणाले, ‘सर, हे आमच्या शिपायालासुद्धा कळेल.’ त्यांच्या शिपायाची बायको बचत गटाची अध्यक्ष आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी म्हटले, ‘मग त्यालाच दाखवा आधी.’ ते त्यांना पटले नाही.

या असल्या रचनेचे गणित निघालेले आहे. 1982 साली केनेथ चर्च आणि रमेश पाटील या दोन संगणक-अभ्यासकांनी वाक्यांतल्या अशा संदिग्धतेवर एक निबंध लिहिला. (आडनाव ऐकून गाव विचारायचा मोह आपण आवरू.) त्यात कातालान अंकांचा हिशेब आहे. तीन शब्द एकापुढे एक ठेवले तर कोण कोणाला आधी चिकटतो याच्या दोन शक्यता, चार ठेवले की पाच, सातांना 132. आमच्या सरांच्या अकरा शब्दांना 16,796. त्यांच्या तालुक्याच्या गावात एवढे मतदार नसतील. अर्थात वाचणारा काही 16,796 अर्थ लावत बसत नाही, निम्म्याहून जास्त तर त्याला हास्यास्पदच वाटतील. तो त्यातला एक उचलतो आणि पुढे जातो. लिहिणाऱ्याच्या मनात तोच होता का, हे दोघांची कधी गाठ पडली तरच कळणार.

अमेरिकन सरकारलाही हा त्रास झाला होता. तिथे 2010 मध्ये सरकारी भाषा सोपी करण्याचा कायदा झाला, ओबामांनी त्यावर सही केली. सरकारी लिखाणासाठीच्या तिथल्या मार्गदर्शिकेत नामांच्या माळा लावू नका असे बजावले आहे आणि वाईट नमुना म्हणून दिले आहे: ‘अंडरग्राउंड माइन वर्कर सेफ्टी प्रोटेक्शन प्रोसीजर्स डेव्हलपमेंट’. सात शब्द. खाणीत खाली उतरणाऱ्या माणसांच्या जिवाची काळजी घेण्याची पद्धत ठरवणे, एवढाच मुद्दा. त्या माळेत खाणकामगार दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाखाली कुठेतरी अडकला आहे, आणि त्याला बाहेर काढायलाच वेगळी पद्धत लागेल.

पूर्वी हे असे नव्हते. 1672 साली न्यूटनचे प्रकाश आणि रंग यांबद्दलचे पत्र रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापले गेले. त्यात तो शेजाऱ्याला सांगावे तसे सांगतो: 1666 च्या सुरुवातीला मी काचेचा एक त्रिकोणी लोलक मिळवला, खोलीत अंधार केला, खिडकीच्या झडपेला छोटेसे भोक पाडले, पलीकडच्या भिंतीवर रंग पडले ते पाहून आधी गंमत वाटली, मग पाहतो तर तो पट्टा गोल असायला हवा तो लांबट. प्रत्येक वाक्यात कोणीतरी काहीतरी करते आहे. आज हाच माणूस पेपर पाठवता तर त्याला ‘विंडो शटर अ‍ॅपर्चर प्रिझम रिफ्रॅक्शन स्पेक्ट्रम एलाँगेशन ऑब्झर्व्हेशन’ असे लिहावे लागले असते, आणि खोलीत अंधार कोणी केला हे इतिहासाला कळले नसते.

मधल्या साडेतीनशे वर्षांत झाले काय, याचा शोध डग्लस बायबर आणि बेथनी ग्रे या दोन भाषाशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांचे पुस्तक 2016 मध्ये निघाले. आपली समजूत अशी की विद्वानांचे इंग्रजी अवघड असते कारण त्यात वाक्यात वाक्य, त्यात आणखी वाक्य असते. त्यांनी ढिगाने मजकूर तपासला तर पोटवाक्ये घरगुती बोलण्यातच जास्त निघाली. ‘मी म्हटलं ना की ती आली तर सांग म्हणून’, यात किती पोटवाक्ये आहेत ते मोजून पाहा. विद्वान पोटवाक्ये त्या मानाने कमीच करतात. ते सगळे दाबून नामाच्या आसपास भरतात, आणि नामाआधी नाम लावण्याची ही चाल विसाव्या शतकात जोरात वाढली. कारणे सरळ आहेत. ज्ञान वाढले, पाने वाढली नाहीत. निबंधाचा सारांश दोन-अडीचशे शब्दांत बसवायचा असतो, आणि ‘ऑफ’ हाही शब्द मोजला जातो.

या प्रकाराची बाजू घ्यायची तर ती मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलेल्या उदाहरणावरून घेता येते. काचेला तडा जातो. तो वाढतो. किती वेगाने वाढतो हे कशावर अवलंबून आहे ते शोधायचे आहे. शास्त्रज्ञ आधी हे सगळे वाक्यांत सांगतो, आणि वाचणारा सोबत आला की मग म्हणतो ‘ग्लास क्रॅक ग्रोथ रेट’. चार शब्द, एकही ‘ऑफ’ नाही, आणि तरीही कुठे अडत नाही, कारण ती वाट आपण त्याच्याबरोबर चालून आलेलो असतो. आरटीपीसीआर प्रयोगशाळेत याच कारणाने चालते. माझी तक्रार चार शब्दांबद्दल नाही. पहिल्याच ओळीत, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत, ते अंगावर टाकण्याबद्दल आहे. शीर्षक ही तर सगळ्यात पहिली ओळ.

आता मराठी माणसाने या बाबतीत नाक मुरडावे का, हा नाजूक प्रश्न आहे. नामाची वाट पाहण्याची सवय आपल्याला बाळपणापासून. छत्रपतींच्या नावाआधीची गारद ऐकताना आपण उभे राहतो, अंगावर काटा येतो, आणि नाव येईपर्यंत कोणी हूं की चूं करत नाही. ते झाले थोरांचे. पण चौकातल्या फ्लेक्सवर ‘कार्यसम्राट, विकासरत्न, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी, कर्तव्यदक्ष, लोकप्रिय, भावी’ एवढे वाचून झाल्यावर जो येतो तो आपल्याच आळीतला बाळ्या असतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. संस्कृतात तर याला प्रतिष्ठाच होती. लांबलचक समास हा गद्याचा प्राण असे दंडीने ‘काव्यादर्शा’त सांगून ठेवले, आणि बाणभट्टाने तर ते त्याच्याही आधी करून दाखवले होते. त्याच्या ‘कादंबरी’त नायिका कुठे आहे हे कळायला आधी वन, मग सरोवर, मग काठावरची झाडे ओलांडावी लागतात, तीही एकाच समासात.

पण समासाला विग्रह होता. विद्यार्थ्याला उभे करून ‘विग्रह सांग’ म्हणता येत असे आणि षष्ठी का तृतीया हे त्याला सांगावे लागे. न सांगितल्यास छडी होती. इंग्रजी नियतकालिकाच्या संपादकाकडे छडी नाही. बोलीभाषेतले छोटे समास तर आपण विचार न करता सोडवतो. हातगाडी हाताने ढकलायची, हातरुमाल हात पुसायला, हातमागावर हाताने विणायचे, हातभट्टीचा हाताशी संबंध पेला धरण्यापुरता. चारही ठिकाणी ‘हात’ वेगळे काम करतो आणि कोणी गोंधळत नाही, कारण या वस्तू आपण पाहिलेल्या आहेत. ‘मायक्रोफायनान्स अ‍ॅक्सेस’ कोणी पाहिलेला नाही.

शिवाय मराठीजवळ चा-ची-चे आहे आणि लिंग-वचन आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात कोणाला ‘जुन्या पुस्तकांचे दुकान कुठे?’ विचारले तर तो एकीकडे बोट दाखवील आणि ‘पुस्तकांचे जुने दुकान कुठे?’ विचारले तर दुसरीकडे. ‘जुन्या’ आणि ‘जुने’ यांत मात्रेचा फरक, पण जुने काय आहे ते पक्के ठरले. इंग्रजीत ‘ओल्ड बुक शॉप’ म्हणा आणि चौकात फिरत राहा. ‘स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल’ हा दवाखाना लहान आहे की त्यातली जनावरे, हे म्हैस दारात घेऊन जाईपर्यंत कळायचे नाही.

यावर इंग्रजीचा उपाय म्हणजे हायफन, दोन शब्दांमधली ती छोटी आडवी रेघ. ‘स्मॉल-अ‍ॅनिमल’ एवढे जोडले की म्हशीने घरीच राहावे हे स्पष्ट होते. पण ही रेघ कोणाला आवडत नाही. 2007 साली शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीने सुमारे 16,000 शब्दांतले हायफन एका फटक्यात काढून टाकले. लोकांना ते कुठे द्यायचे हेच कळेनासे झाले होते. हायफनवरून आठवले. 22 जुलै 1962 रोजी अमेरिकेने शुक्राकडे धाडलेले मरिनर-1 हे यान उडाल्यावर पाच मिनिटांच्या आत भरकटले म्हणून नष्ट करावे लागले, आणि एक हायफन राहून गेल्याने हे झाले असे वर्तमानपत्रांनी छापले. खरे तर राहिली होती ती समीकरणातल्या एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ. म्हणजे शिरोरेघच की. ‘रेघ दे, नाहीतर अनर्थ होईल,’ असे प्राथमिक शाळेतल्या बाई म्हणायच्या तेव्हा आम्हाला ती अतिशयोक्ती वाटायची.

विशेषणांच्या रांगेचा इंग्रजीत आणखी एक छुपा कायदा आहे. आधी मत, मग आकार, मग वय, घडण, रंग, देश, साहित्य, उपयोग. आयईएल्टीएसच्या क्लासमध्ये हे फळ्यावर लिहून पाठ करून घेतात, आणि इंग्रजाला विचारले तर असा कायदा आहे हेच त्याला माहीत नसते, तो नुसता पाळतो. टोल्किन या इंग्रज लेखकाने सात वर्षांचा असताना ड्रॅगनची गोष्ट लिहिली, त्यात ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ म्हटले, तर आईने ड्रॅगनबद्दल अवाक्षर न काढता ‘ग्रेट ग्रीन’ म्हणायचे असते एवढेच सुनावले. का, हे त्याला कळले नाही, आणि 1955 साली ऑडेन या कवीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की अजूनही कळलेले नाही. तोवर तो ऑक्सफर्डमध्ये भाषेचा प्राध्यापक झालेला होता. आपल्याकडे मोठा हिरवा साप निघाला काय आणि हिरवा मोठा साप निघाला काय, आरडाओरडा सारखाच.

हे सगळे शब्द आणायचे कुठून, असा प्रश्न नवख्या संशोधकाला पडतो. त्याची सोय अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या फिलिप ब्रॉटन नावाच्या अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. 1968 मध्ये ‘न्यूजवीक’ने त्याचा तक्ता छापला. तीन रकाने, प्रत्येकात शून्य ते नऊ असे दहा भारदस्त शब्द. मनात कोणताही तीन आकडी नंबर धरायचा आणि प्रत्येक रकान्यातला त्या आकड्याचा शब्द उचलायचा. 257 धरले की निघते ‘सिस्टिमटाइज्ड लॉजिस्टिकल प्रोजेक्शन’. म्हणजे काय, ते कोणालाच माहीत नाही. पण बैठकीत हे बोलल्यावर ‘म्हणजे काय?’ असे विचारण्याची कोणाची छाती होत नाही, हा ब्रॉटनचा मुद्दा. मी तक्त्याची आपल्याकडची आवृत्ती केली. पहिल्या रकान्यात सस्टेनेबल, इन्क्लुझिव्ह, होलिस्टिक आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर ज्याच्यावाचून पान हलत नाही तो मल्टिडिसिप्लिनरी. दुसऱ्यात रूरल, डिजिटल, व्हॅल्यू-बेस्ड, स्टेकहोल्डर. तिसऱ्यात एम्पॉवरमेंट, इकोसिस्टिम, फ्रेमवर्क, पॅराडाइम. भूगोलाच्या एका मॅडमनी आपल्या स्कूटीचे शेवटचे तीन आकडे सांगितले. निघाले ते त्यांना इतके आवडले की त्यांनी लिहून नेले. पुढच्या महिन्यात त्या विषयावर त्यांचे एक सत्र झाले, अध्यक्षस्थानी प्राचार्य.

सगळ्यात लाडके विशेषण ‘नॉव्हेल’, म्हणजे अभिनव. साधी पद्धत कोणी काढतच नाही, जो तो नॉव्हेल पद्धत काढतो. नेदरलँड्समधल्या तिघा संशोधकांनी 1974 ते 2014 या काळातले वैद्यकीय निबंधांचे सारांश तपासून 2015 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब छापला. स्वतःच्या कामाची तारीफ करणारे शब्द पूर्वी शंभरातल्या दोन सारांशांत सापडत, 2014 मध्ये साडेसतरांत. वाढीचा हा वेग असाच राहिला तर 2123 साली एकही सारांश ‘नॉव्हेल’वाचून उरणार नाही, असे त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने लिहिले आहे. अंक नाताळचा, थट्टामस्करीचा होता. आता तर लिहून देणारी यंत्रेच आली आहेत, आणि त्यांचा कल अधिकच गोड. 2023 पासून संगणकशास्त्राच्या परिषदांत निबंधांवर परीक्षक जे अभिप्राय देतात त्यांत ‘कमेंडेबल’, ‘मेटिक्युलस’ आणि ‘इंट्रिकेट’ ही तीन विशेषणे एकाएकी उसळली असे अमेरिकेतल्या संशोधकांना दिसले. पहिली दोन तर थेट कौतुकाची. जन्मभर खाष्टपणाबद्दल प्रसिद्ध असलेली परीक्षक ही जमात रातोरात प्रेमळ कशी झाली, याचे दुसरे कोणतेही कारण कोणाला सापडलेले नाही.

तर आमचे कॉमर्सचे सर. परिणाम कशावर ते अखेर ठरले, उत्पन्नावर, कारण प्रश्नावलीत तो रकाना आधीपासून होता. पेपर एका ऑनलाइन परिषदेत वाचून झाला आणि आठवड्याने ते पेढे घेऊन आले. ‘सर, बेस्ट पेपर!’ मी हातात प्रमाणपत्र घेतले. सोनेरी वेलबुट्टी, दोन सह्या, आणि मधोमध एका ओळीत: ‘वन डे नॅशनल लेव्हल मल्टिडिसिप्लिनरी ऑनलाइन कॉन्फरन्स बेस्ट पेपर प्रेझेंटेशन कॉम्पिटिशन पार्टिसिपेशन सर्टिफिकेट’.

‘सर,’ मी म्हटले, ‘शेवटून वाचा.’

त्यांनी शेवटून वाचले. सर्टिफिकेट. कशाचे? पार्टिसिपेशनचे. कशातल्या? कॉम्पिटिशनमधल्या. तिथे ते थांबले. पेढ्याचा पुडा टीपॉयवर उघडाच होता. ‘म्हणजे भाग घेतल्याचं?’ मी काही बोललो नाही. पेढा तोंडात होता. ‘पण बेस्ट पेपर असं लिहिलंय ना,’ ते म्हणाले, आणि ते खरेच होते, लिहिलेले होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या गेटवर सरांचा हार घातलेला फोटो आणि खाली दीड फुटी अक्षरांत ‘नॅशनल लेव्हल बेस्ट पेपर प्रेझेंटेशन’. सर माझ्याकडे न बघता म्हणाले की यात त्यांचा काही हात नाही, प्राचार्यांनी परस्पर सांगितले. फ्लेक्सवाला शिडीवरच होता, दोरी आवळत होता. मी त्याला ओळीचा उरलेला भाग कुठे गेला ते विचारले.

‘मागचे तीन शब्द बसत नव्हते सर,’ तो वरूनच म्हणाला. ‘पुढचे महत्त्वाचे होते तेवढे घेतलेत.’